दुसरा वाडगा

शनिवार जवळ आला की ओ कुम-सिलच्या पोटात गोळा यायचा. भीतीचा नव्हे, पंचाइतीचा. या आठवड्याची चूक आणायची कुठून?

शनिवारच्या बैठकीत प्रत्येकाने उभं राहून आठवड्यातली आपली एक चूक कबूल करायची आणि मग दुसऱ्या कुणाची तरी एक दाखवून द्यायची. हे शाळेत सुरू होतं ते माणूस मातीआड जाईपर्यंत सुटत नाही. आता माणसाच्या हातून चुका होतात हे खरं, पण दर आठवड्याला एक, आणि तीही अशी की कान पकडावा लागेल पण मान जाणार नाही, हे काही सोपं काम नाही. म्हणून सगळेच जोडी जमवतात. मी तुझी ही काढते, तू माझी ती काढ. शुक्रवारी ठरवायचं, शनिवारी तोंड पाडून एकमेकींवर आग पाखडायची आणि बाहेर पडल्यावर एकाच पुडीतले शेंगदाणे खायचे. बैठक घेणाऱ्या पक्षाच्या सचिवांना हे ठाऊक नसतं असं थोडंच आहे? वरच्या बैठकीत त्यांचीही कुणाशी तरी जोडी असतेच.

कुम-सिलची जोडी ह्वांग इन-ओकशी. दोघी प्योंगयांगच्या एका पर्यटन कार्यालयात दुभाष्या. परदेशी पाहुणा आला की त्याच्यासोबत दोघींना धाडतात: एकीने पाहुण्यावर नजर ठेवायची आणि दुसरीने पहिलीवर. ज्याने कुणी ही योजना काढली, त्याच्या डोक्यात दोघी मैत्रिणी निघाल्या तर काय, हे आलं नसावं. इन-ओक वयाने मोठी, तोंडाने फटकळ. कुम-सिल तिला ताई म्हणायची, आणि चुकांचं खातं सगळं तिच्यावर सोपवून मोकळी व्हायची.

त्या शुक्रवारी मात्र ताईचीही झोळी रिकामी होती.

"उशीर सांगून झाला," इन-ओक बोटांवर मोजत म्हणाली. "विस्कटलेले केस झाले. अभ्यासवर्गातली डुलकी तुझीही झाली, माझीही झाली. आणि मागच्या खेपेला माएंगसाहेब काय म्हणाले ऐकलंस ना?"

सचिव माएंग म्हणाले होते, "कॉम्रेड, तुमच्या चुकांना वास यायला लागलाय. परवाचा भात परतून परतून किती दिवस वाढणार? काही ताजं आणा."

"ताजं म्हणजे काय आणू, ताई? आठवडाभर त्या म्हाताऱ्याबरोबर तर होतो आपण."

"मग त्याच्यावरच ढकलू. म्हणायचं, वॉनसानला पाहुण्यावरून तुझी नजर हलली."

"तो म्हातारा स्वतः तरी हलतो का? त्याला खुर्चीतून उठवायला दोघी लागतो आपण."

"म्हणूनच म्हणते. त्याच्यापायी कुणाच्या पोटात दुखणार आहे?"

म्हातारा म्हणजे टोरमोड. नॉर्वेत आयुष्यभर शाळेच्या मुलांची बस चालवलेला, उंच, पाठीत वाकलेला, दोन्ही गुडघ्यांनी बाद. डोक्यावर कायम एक निळी लोकरी टोपी. त्याला ना स्मारकांत रस, ना संग्रहालयांत. तो आला होता प्योंगयांगच्या जुन्या, विजेच्या तारेवर चालणाऱ्या बसगाड्या बघायला. एखादी बस कण्हत कण्हत वळणावरून गेली की हा रस्त्याच्या कडेला उभा राहून टाळ्या वाजवायचा. बसमधले लोक आधी दचकायचे, मग तोंडावर हात धरून हसायचे. कुम-सिलने पुष्कळ पाहुणे पाहिले होते, पण इतका निरुपद्रवी माणूस तिच्या वाट्याला कधी आला नव्हता.

आणि वॉनसानला घडलं होतं ते एवढंच. समुद्राकाठच्या हॉटेलात तिघं थंड शेवया खायला बसले. त्याने व्हिनेगर थेट रश्श्यात ओतायला घेतलं तेव्हा कुम-सिलने त्याचा हात धरला, शेवया काड्यांनी वर उचलायच्या आणि त्यांच्यावर धार धरायची, असं दाखवलं. त्याने ते मन लावून केलं आणि वाडगा बघता बघता रिकामा केला. कुम-सिलच्या पोटात त्या दिवशी सकाळपासून ठीक नव्हतं. तिने आपला भरलेला वाडगा त्याच्यापुढे सरकवला.

"माझी बायकोही असंच करायची," तो म्हणाला. "भूक नाही म्हणायची आणि ताट माझ्याकडे ढकलायची. मला वाटायचं तिला खरंच भूक नाही." मग तो वाडगाही त्याने संपवला. उठताना गुडघे असे धरले की दोघींना दोन्ही काखांत हात घालावे लागले. तोवर तो जागचा तसूभरही हलला नव्हता.

शनिवारी कुम-सिल उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "वॉनसानला मी शेवया खाण्यात इतकी रंगले की वाडगा संपेपर्यंत पाहुणा टेबलावरून उठून गेल्याचं माझ्या ध्यानात आलं नाही." लगेच इन-ओक उठली आणि ठरल्याप्रमाणे कडाडली, "कॉम्रेड ओ यांना कर्तव्यापेक्षा वाडगा मोठा वाटतो." मागच्या बाकावर कुणी तरी हसू दाबलं. सचिव माएंग खूश झाले. "आता कशी ताजी चूक आणलीत," ते म्हणाले.

बाहेर पडल्यावर दोघींनी शेंगदाणे खाल्ले.

त्याच आठवड्यात समुद्रात दक्षिणेकडच्यांची आणि अमेरिकनांची आरमारं कवायतीला उतरली. बातम्या सांगणाऱ्या बाईंचा आवाज एकदम वर चढला. विमानांतून दिसू नयेत म्हणून बसगाड्यांवर हिरव्या जाळ्या पडल्या, कार्यालयाच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या गेल्या, आणि दुपारी भोंगा झाला की सगळ्यांनी तळघरात उतरायचं सुरू झालं. युद्ध होणार की नाही हे कुणालाच कळत नव्हतं. विचारायची सोय नव्हती. टोरमोडला जाळ्या घातलेल्या बसगाड्या फारच आवडल्या.

त्या शनिवारनंतर लगेचच्या सोमवारी सकाळी हॉटेलात तो नाश्ता करत असताना दोन माणसं आली. चांगले कपडे, चांगली भाषा. त्यांनी त्याला जरा बरोबर चला म्हटलं. तो टेबलाचा आधार घेऊन कसाबसा उठला आणि कुम-सिलकडे वळला.

"मिस ओ, मी दुपारच्या जेवणाला परत येईन ना?"

तिने त्या माणसांकडे पाहिलं. ते दाराकडे बघत होते.

"याल," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार? कागदपत्रांचं काही तरी राहिलं असेल, असंच तिला खरोखर वाटलं होतं. त्याची निळी टोपी टेबलावर राहिली, ती तिने उचलून पिशवीत ठेवली. दुपारी त्याच्यासाठी जागा धरून ती बसली. ताट गार झालं, मग ते उचललं गेलं.

कशासाठी नेलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. इन-ओक म्हणाली, बसगाड्यांचे फोटो काढले म्हणून. ड्रायव्हर म्हणाला, सगळ्याच गोऱ्यांना गोळा करतायत. बुधवारी कुम-सिललाच बोलावणं आलं.

सुरक्षा विभागाच्या त्या खोलीत मात्र कुणी आवाज चढवला नाही. अधिकाऱ्याने तिच्यासाठी स्वतः सफरचंद सोललं, फोडी बशीत मांडल्या.

"कॉम्रेड ओ, शनिवारी तुम्ही जे सांगितलंत ते फार मोलाचं होतं."

तिला कळेना. शनिवारी तिने काय सांगितलं होतं? सफरचंदाची फोड हातात धरून ती आठवत राहिली, आणि आठवलं तेव्हा तिने फोड परत बशीत ठेवली.

"तुम्ही शेवया खात होता," अधिकारी म्हणाला. "तो उठला. कुठे गेला?"

कुठेच नाही, साहेब, तो माझ्यासमोर बसून माझाच वाडगा खात होता. वाक्य जिभेवर तयार होतं. पण ते उच्चारायचं म्हणजे शनिवारी संघटनेपुढे आपण खोटं बोललो, हे उच्चारायचं. आपण बोललो, ताई बोलली, दर आठवड्याला सगळेच बोलतात. आणि मग युन-ब्योलचं काय? लेक भाषा विद्यापीठाच्या परीक्षेला बसली होती, आणि तिथे गुणांच्याही आधी आईबापांच्या वर्तनाचा कागद बघतात.

"मी पाहिलं नाही," कुम-सिल म्हणाली.

"बरोबर," तो समाधानाने म्हणाला. "तुम्ही पाहिलं नाही. घ्या ना, सफरचंद घ्या."

ती निघताना त्याने तिच्या पिशवीतली टोपीही मागून घेतली.

संध्याकाळी तेदोंग नदीच्या काठाने चालताना तिने इन-ओकला गाठलं. "ताई, आपण जाऊन खरं सांगू या."

"कोणतं खरं?"

"तो बसून होता हे."

"मग शनिवारी आपण काय सांगितलं?" इन-ओक आजूबाजूला बघत हळू बोलत होती. "बाई, तुला काय वाटतं, तुझ्या शेवयांमुळे त्याला धरला? त्यांना माणूस हवा होता. तुझी चूक नसती तर दुसरं काही सापडलं असतं."

"म्हणजे आपल्यामुळे नाही?"

"तसं मी कुठे म्हटलं?"

"मग आपल्यामुळे?"

"मला नाही माहीत, कुम-सिल. तू मला विचारू नकोस." आणि फटकळ म्हणून सगळ्या कार्यालयात नाव असलेली ती बाई भराभर पुढे चालू लागली.

त्या दिवसापासून कुम-सिलच्या डोक्यात वॉनसानचा तो दिवस उलटसुलट होऊ लागला. ती डोळे मिटून टेबल आठवायची. तो समोर होता. होताच. पण मधे एकदा ती स्वतः वाढपिणीला हाक मारायला वळली होती, ती किती वेळ? छे, त्याच्या गुडघ्यांना तेवढ्यात काय जमणार? तरी पण. एकदा खोटं पक्कं बोलून झालं की खऱ्याला धरायला जागा राहत नाही, आणि ती तर सुरक्षा विभागातही तेच बोलून आली होती.

काही आठवड्यांनी पत्रकारांपुढे टोरमोडचा कबुलीजबाब ठेवला. त्याचं इंग्रजी जरा जाड होतं आणि ते कुम-सिललाच कळायचं, म्हणून अनुवादाला तीच. तिच्या हातात आधीच कोरियन भाषेतला कागद दिला होता. त्याने तिकडे एक परिच्छेद वाचायचा, तिने इकडे एक वाचायचा, एवढंच.

तो वाळला होता. टोपीशिवाय त्याचं डोकं फार लहान दिसत होतं. त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि वाचायला लागला. मार्गदर्शिका शेवया खात असताना मी टेबलावरून उठलो. जिना चढून छतावर गेलो. छताचं दार गंजलेलं होतं आणि कडीला तार गुंडाळलेली होती, ती मी सोडली. तिथून बंदरातल्या युद्धनौकांचे फोटो काढले. कुम-सिल वाचत गेली. जिना चढून, असं वाचताना तिची जीभ अडखळली, पण कागदावर होतं तेच तिने वाचलं.

मग तो थांबला. त्याने कागद खाली ठेवला आणि म्हणाला, "मिस ओचा यात दोष नाही. मी तिला सांगितलं होतं, हात धुवून येतो म्हणून. मी तिला फसवलं."

हे तिच्या कागदावर नव्हतं. तिने पान उलटून पाहिलं, मागची बाजू कोरी होती. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने त्या वाक्यांचा अनुवाद केला, तिच्याच आवाजात, अगदी स्वच्छ. कडेला उभ्या अधिकाऱ्याने हळूच मान डोलावली.

हे त्याने स्वतःच्या मनाने म्हटलं की त्याला म्हणायला लावलं? आणि मनाने म्हटलं असेल तर कशासाठी? हिनेच आपल्याला पकडून दिलं असं त्याला वाटत असेल, आणि तरीही तो हिला सोडवतोय? की हीच कुठल्या तरी जाळ्यात सापडली असेल, असं त्याने ओळखलं होतं? परतताना गाडीत तिला भयंकर लाज वाटली, इतकी की खिडकीबाहेर कुणाच्या नजरेला नजर देववेना. एक वाडगा शेवया दिल्या होत्या तिने त्याला. त्या बदल्यात काय मिळालं होतं.

खटला पुढच्या महिन्यात होता. त्यात दाखवायला एक छोटा चित्रपट हवा होता, जे घडलं ते घडलं तसं दाखवणारा. कुम-सिलला पुन्हा वॉनसानला नेलं, बरोबर इन-ओकलाही. निघायच्या आधी युन-ब्योलचा निकाल लागला होता. तिला प्रवेश मिळाला होता. कॅमेऱ्यापुढे तरी आपण खरं काय ते बोलू, असं कुम-सिलने वाटेत ठरवलं, आणि लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आल्यावर नाही बोलायचं असंही ठरवलं. हॉटेल आलं तेव्हा ती धड इकडे नव्हती ना तिकडे.

चित्रीकरणाचे दिवे लावेपर्यंत ती जिना चढून वर गेली. छताचं दार गंजलेलं होतं. कडीला तार गुंडाळलेली होती.

ती तिथे उभीच राहिली. त्यांनीच त्याला सांगितलं असणार, दुसरं काय? पण ती तार इतकी जुनी होती, आणि मधोमध नुकतीच कुणी तरी सोडून पुन्हा पिळल्यासारखी दिसत होती. तिला आपल्या डोक्याचाच भरवसा वाटेना.

खाली तीच वाढपीण होती. "मला आठवतं ना," ती दिग्दर्शकाला सांगत होती. "बाई खाली मान घालून खात होत्या. मीच त्यांना जास्तीचा रस्सा आणून दिला." तिने हे कुम-सिलच्या डोळ्यांत बघून सांगितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर खोटेपणाचा मागमूस नव्हता.

एक उंच फौजी निळी टोपी घालून समोर बसला. टोपी त्याला घट्ट होत होती. दिग्दर्शक म्हणाला, "हा उठला की तुम्ही बघायचं नाही. तुम्ही पाहिलं नव्हतं. फक्त खात राहायचं."

वाडगा आला. फौजी ताडकन उठला आणि दोन दोन पायऱ्या एकदम चढत जिन्याने पळाला. कुम-सिल खाली मान घालून खात राहिली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. शेवया चांगल्या झाल्या होत्या. वाडगा संपला.

"छान," दिग्दर्शक म्हणाला. "पण उजेड कमी पडला. आणखी एकदा."

दुसरा वाडगा आला. फौजी पुन्हा पळाला. समोरची खुर्ची रिकामी झाली, आणि कुम-सिलने आपण काय करतोय हे कळायच्या आत दोन्ही हातांनी वाडगा धरला आणि टेबलावरून हळूच पलीकडे, त्या खुर्चीपुढे सरकवला.

"थांबवा," दिग्दर्शक म्हणाला. "हे काय केलंत?"

"त्या दिवशी मी माझा वाडगा त्यांना दिला होता," कुम-सिल म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच लांबून आल्यासारखा वाटला. "मी खाल्लंच नव्हतं. त्यांनी खाल्लं."

इन-ओक भिंतीशी उभी होती, तिने डोळे मिटून घेतले. दिग्दर्शक रागावला नाही. तो फक्त गोंधळला, अगदी मनापासून.

"पण कॉम्रेड, तो तर वर होता," तो म्हणाला. "त्याने स्वतः सांगितलंय. मग तुम्ही वाडगा दिलात कुणाला?"

कुम-सिलने रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. फौजी जिन्यावरून टोपी सारखी करत खाली येत होता. अधिकारी खिडकीपाशी सिगारेट ओढत होता आणि तिच्याकडेच बघत होता, घाई न करता. उत्तर तिला ठाऊक होतं. आता तेवढं नाव घ्यायचं होतं, बस. तिने तोंड उघडलं आणि युन-ब्योलला नवा गणवेश शिवायला टाकलाय, हे तिला आठवलं.

"मी दमलेय," ती म्हणाली. "माझी गल्लत झाली असेल."

"होतं असं," दिग्दर्शक मायेने म्हणाला.

तिने हात लांब करून वाडगा परत ओढला. शेवया काड्यांनी वर उचलल्या, त्यांच्यावर व्हिनेगरची धार धरली, आणि खायला लागली. फौजी तिसऱ्यांदा पळाला. तिने वर पाहिलं नाही. वाडगा तळापर्यंत संपवला, रस्साही प्यायली.

परतीच्या गाडीत डोंगर मागे पडल्यावर इन-ओकने विचारलं, "उद्या शनिवार. तुझं काय सांगू?"

कुम-सिल खिडकीबाहेर बघत होती.

"सांग, कॉम्रेड ओने दोन वाडगे खाल्ले."

"ते तरी खरं आहे ना?"

"हो," कुम-सिल म्हणाली. "ते खरं आहे."